अण्णांचा गुडघा आणि तराजूंची गाडी

विमा कंपनीच्या दाव्यांच्या खात्यात त्यांना सगळे तराजू म्हणत. समोर तराजूसाहेब आणि पाठीमागे नुसतंच तराजू. हे नाव त्यांना मनापासून आवडायचं आणि ते आवडत नाही असं दाखवायलाही आवडायचं. ऑफिसात कुणाला पंखा, कुकर, गादी, चष्म्याची फ्रेम किंवा जावई पसंत करायचा असला की तो आधी तराजूंच्या टेबलाशी येई. तराजू दोन्ही बाजू ऐकून घेत, पेन कानामागे खोचत, डोळे मिटत आणि निकाल देत. निकालानंतर एक वाक्य ठरलेलं असे, की भावना बाजूला ठेवली की उत्तर सोपं असतं. त्यांच्या सल्ल्याने पंखा घेतलेले लोक उन्हाळाभर घामाघूम होत, पण तक्रार करत नसत. दुसरा पंखा याहून वाईट निघाला असता, हे तराजूंनी आधीच सिद्ध केलेलं असे.

तर अशा माणसाने गाडी घ्यायची ठरवली. इतकी वर्षं स्कूटरवर निभावलं होतं, पण आता गरज अण्णांची होती. अण्णा म्हणजे तराजूंचे वडील. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टर खूश झाले, पण गुडघा काही पुरता वाकायचं नाव घेईना. बसची पायरी चढता येईना. स्कूटरवर मागे बसायचा तर प्रश्नच नव्हता. गावाच्या दुसऱ्या टोकाला अण्णांची थोरली बहीण राहायची, तराजूंची आत्या. ती अंथरुणाला खिळलेली. पूर्वी दर रविवारी अण्णा तिच्याकडे जात, दोघं पत्ते खेळत, एकमेकांवर लबाडीचा आरोप करत आणि अण्णा संध्याकाळी शीळ घालत परत येत. ऑपरेशन झाल्यापासून सगळं फोनवर आलं, आणि फोनवर पत्ते खेळता येत नाहीत. एकदा भाड्याची गाडी आणली, पण ती इतकी बुटकी होती की उतरताना अण्णा रस्त्यातच आडवे व्हायचे राहिले. तेव्हापासून त्यांनी परक्या गाडीच्या नावाने कानाला खडा लावला होता. आत्याचं वय बघता असे रविवार किती उरलेत, हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि बोलत कुणीच नव्हतं.

एका सकाळी सगळं घर शोरूममध्ये गेलं आणि मोठी फॅमिली गाडी पाहून आलं. उंच, ऐसपैस, जरा मंद चेहऱ्याची. अण्णांनी दार उघडलं, पाठ फिरवली आणि ते सरळ सीटवर टेकले. "ही तर खुर्चीच आहे," असं म्हणून ते बराच वेळ आत बसून राहिले. आईने मागच्या सीटवर पर्स ठेवून पाहिली. बायकोने डिकी उघडून बघितली आणि मान डोलावली. कॉलेजात जाणाऱ्या मुलीने रंग सुचवला. गोष्ट खरं तर इथेच संपायला हवी होती.

पण त्या शोरूमच्या शेजारी दुसरी शोरूम होती आणि तिच्या काचेआड एक छोटी निळी गाडी उभी होती. छोटी म्हणजे अगदी छोटी, पण इंजिन टर्बो. जमिनीला पोट टेकेल इतकी बसकी, रुंद टायरांची, उभी असतानाही निघाल्यासारखी दिसणारी. तराजू नुसते चौकशीला म्हणून आत गेले. विकणाऱ्या मुलीने त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि इंजिन सुरू केलं. तो आवाज ऐकताच तराजूंनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. ज्या माणसाला आजवर प्रत्येक सिग्नलवरून सगळ्यात शेवटी निघायची सवय होती, ज्याला शाळेच्या बसनेही हॉर्न मारून बाजूला केलं होतं, त्याला त्या सीटवर बसून एकदम वाटलं की आपलं अजून सगळं व्हायचं राहिलंय. तराजूंना ती गाडी हवीशी झाली.

आता दुसरा कुणी असता तर घरी येऊन म्हणाला असता, मला ती निळी आवडली. चार दिवस वाद झाला असता आणि काहीतरी ठरलं असतं. तराजूंची अडचण अशी की हवंय हा शब्द त्यांच्या तोंडून कधी बाहेरच पडला नव्हता. भावना बाजूला ठेवणाऱ्याला ती बाजूला ठेवलेली भावना नेमकी कुठे ठेवलीय हेही माहीत नसतं. म्हणून रात्रीच्या जेवणावर त्यांनी घसा खाकरला आणि जाहीर केलं की एवढा मोठा खर्च डोळे झाकून करता येणार नाही, दोन्ही गाड्यांची निःपक्षपाती तुलना होईल आणि जी जास्त पैसा वसूल ठरेल ती घेतली जाईल. बायकोने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. अण्णा म्हणाले, तो करतोय तर करू द्या, त्याचं चुकत नाही. तराजूंनी भात कालवायला खाली बघितलं, ते बराच वेळ वर बघितलं नाही.

बातमी इमारतीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, छोटीच घ्या, मोठी गाडी म्हणजे चालतं-फिरतं गोदाम, त्यात नातेवाइकांचं सामान साठतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, मोठी घ्या, म्हणजे आम्हालाही कधी लग्नाकार्याला जाता येईल. सोसायटीचे सचिव कुणाचीच बाजू न घेता म्हणाले, आधी पार्किंगची जागा मोजून घ्या, दोन खांबांच्या मधे जी मावेल ती आपली. ऑफिसात तर दोन तट पडले आणि जेवणाच्या सुट्टीत पिकअप आणि अ‍ॅव्हरेज या विषयांवर मारामारी व्हायची बाकी राहिली. तराजू सगळ्यांचं ऐकत, मान हलवत आणि छोटीच्या बाजूचं तेवढं लक्षात ठेवत.

टेस्ट ड्राइव्हसाठी लायसन्स मागितलं गेलं. तराजूंनी पाकिटातून ते मोठ्या रुबाबात काढून दिलं. निळ्या गाडीच्या मुलीने ते पाहिलं, उलटं करून पाहिलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं की सर, याची मुदत संपलेली आहे. इथे सांगायला हवं की मुदत संपलेल्या लायसन्सच्या कारणावरून लोकांचे दावे फेटाळणं हेच तराजूंचं रोजचं काम. एवढ्या वर्षांत त्यांनी किती रडणारी माणसं त्या एका कारणावर परत पाठवली असतील. त्यांचे कान तापले. बायको शेजारीच उभी होती.

मग लायसन्सचं ऑफिस. तिथे एका खिडकीवर सांगितलं, आधी डोळे तपासून आणा. डोळ्यांचे डॉक्टर सुट्टीवर. ते आले तेव्हा तराजू चष्मा घरी विसरलेले, आणि चष्म्याशिवाय त्यांना समोरच्या तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर म्हणजे भिंतीवरचा डाग वाटला. शेवटी सगळं जमवून ते खिडकीवर पोहोचले तर पलीकडच्या कारकुनाने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, विमा कंपनीतले का तुम्ही. तराजू खुशीत हो म्हणाले. कारकुनाने सांगितलं की तुम्ही माझ्या मेहुण्याचा दावा नाकारला होता. लायसन्स संपून थोडेच दिवस झाले होते त्याचं, बिचारा विसरला होता. मग त्याने तराजूंचे कागद अगदी सावकाश, कोपऱ्याला कोपरा लावून सारखे केले, आणि म्हणाला, "भावना बाजूला ठेवायला तुम्हीच त्याला सांगितलं होतंत. बसा तिकडे बाकावर." तराजू बाकावर बसले. त्या दिवशी बसले आणि पुढेही अनेकदा बसले.

या सगळ्यात रविवार जात होते. आत्याचा फोन यायचा आणि ती विचारायची, गाडी आली का रे. अण्णा सांगायचे, येतेय, आमचा मुलगा तुलना करतोय, अगं घाई करून कसं चालेल, तो सगळं तोलून-मापून घेतो. हे ते अभिमानाने सांगत. तराजू त्या वेळी शेजारच्या खोलीत असत आणि त्यांना तिथून उठून जावंसं वाटे. सगळ्या घराने होकार दिलेली गाडी कधीच दारात आली असती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण मनातल्या मनात ते स्वतःला समजावत की तुलना सुरू झाली आहे, ती आता अर्धवट कशी सोडायची.

लायसन्स मिळालं आणि तुलनेला तोंड लागलं. मोठ्या गाडीची चाचणी तराजूंनी ऐन बाजाराच्या वेळी, भाजीबाजाराच्या गल्लीतून ठेवली. प्रत्यक्ष वापराची परिस्थिती, असं त्याला नाव दिलं. रस्ता असा निवडला की त्यातला एकही खड्डा सुटू नये. गाडी हातगाड्यांमध्ये अडकली, मागच्यांनी हॉर्न वाजवले, एका कांदेवाल्याने तराजूंच्या कुळाचा उद्धार केला. तराजू आरशातून घरच्यांचे चेहरे बघत होते. पण घरचे मजेत होते. आईने खिडकीतून भाजी घेतली. अण्णा उंच सीटवर बसून दोन्हीकडे बघत होते आणि किती दिवसांनी बाजार पाहिला म्हणत होते. तराजूंनी गाडी परत नेली आणि वळायला फार जागा लागते, असा शेरा दिला.

छोटीची चाचणी सकाळी लवकर, मोकळ्या हमरस्त्यावर. आधी एकट्याने. सिग्नल लागला, शेजारी एक स्कूटरवाला येऊन थांबला, आणि तराजूंनी ज्या क्षणाची वाट पाहिली होती तो क्षण आला. दिवा हिरवा झाला. तराजूंनी पाय दाबला. गाडीने अशी उडी घेतली की त्यांचा चष्मा नाकावरून घसरला, तोंडातून एक बारीक किंचाळी निघाली आणि ते पुढच्या लाल सिग्नलला करकचून थांबले. तोवर स्कूटरवाला निवांतपणे येऊन पुन्हा शेजारी उभा राहिला. तो त्यांच्या खात्याचा मुख्य अधिकारी होता. त्याने हेल्मेटची काच वर केली आणि सगळं ठीक आहे ना, अशी चौकशी केली. तराजूंनी ब्रेक तपासत होतो म्हणून सांगितलं. पुढच्या सिग्नलवरून निघताना त्यांनी स्कूटरला आधी जाऊ दिलं.

त्याच फेरीत ते गाडी पार्किंगच्या मापासाठी इमारतीत घेऊन आले. मोठी गाडी आदल्या दिवशी सचिवांसमोर मोजून झाली होती आणि दोन्ही आरशांसकट ती खांबांना जेमतेम चुकवत होती. छोटीच्या वेळी सचिव टेपचं टोक धरायला वाकले, आणि ते वाकलेले असताना तराजूंनी हळूच दोन्ही आरसे आत दुमडले. छोटी तशीही आरामात मावत होती. आरसे दुमडायची काहीएक गरज नव्हती. पण इतके दिवस पारड्यावर बोट ठेवून ठेवून आता बोट उचलताच येईना. वरून दातांच्या डॉक्टरांचा आवाज आला, "अहो तराजू, कालच्या गाडीचे आरसे उघडे होते की." सचिव सरळ उभे राहिले. त्यांनी आरशांकडे पाहिलं, तराजूंकडे पाहिलं, आणि ते टेप गुंडाळायला लागले. त्या टेपचा खर्रकन आत जाण्याचा आवाज तराजूंना दिवसभर ऐकू येत राहिला. लोक आता जिन्यात भेटले की गाडीचा विषय काढत नव्हते, हवेबद्दल बोलत होते. तराजूंना तेच जास्त लागलं.

आता शहाण्या माणसाने इथेच गाशा गुंडाळला असता. पण नाक गेल्यावर माणूस उरलेलं तोंड वाचवायला बघतो. तराजूंनी ठरवलं की सगळ्या घराला छोटीत बसवायचं आणि प्रत्येकाकडून गुण घ्यायचे. म्हणजे निकाल आपला राहणार नाही, घरचा राहील.

मागच्या सीटवर आई, बायको आणि मुलगी अशा बसल्या की मधल्या मुलीला श्वास घ्यायला परवानगी मागावी लागत होती. पुढे अण्णा. दार उघडं धरून ती विकणारी मुलगी उभी होती. अण्णांनी सवयीप्रमाणे पाठ फिरवली, टेकायला गेले, आणि सीट जिथे असायला हवी होती तिथे नव्हती. ती बरीच खाली होती. अण्णा धपकन आत पडले. त्यांचं डोकं वरच्या कडेला लागलं आणि ऑपरेशनचा पाय बाहेरच राहिला. तो त्यांनी दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. तराजूंनी हे सगळं पाहिलं. अण्णांचे ओठ आवळले गेले तेही पाहिलं. तेवढ्यात अण्णा हसले आणि म्हणाले, "मस्त आहे. पाय अगदी लांब करून बसता येतं."

फेरी झाली. उतरायची वेळ आली तेव्हा अण्णा उतरेनात. त्यांनी दाराला धरून एकदा जोर केला, दुसऱ्यांदा केला, आणि मग आपण बाहेरचं झाड बघतोय असं दाखवत थांबले. तराजूंनी एक हात धरला, शोरूमच्या पहारेकऱ्याने दुसरा. एक-दोन-तीन म्हणून ओढलं तेव्हा अण्णा बाहेर आले आणि चप्पल आत राहिली. शोरूममधली सगळी गिऱ्हाइकं बघत होती. अण्णा पायात चप्पल सरकवत पहारेकऱ्याला म्हणाले, म्हातारं खोड, बाकी गाडीत काही दोष नाही.

मग गुण द्यायची वेळ आली. आईने मुलाकडे पाहून बरी आहे म्हटलं. मुलगी म्हणाली, दिसायला भारी आहे, पण मी यात पुन्हा मधे बसणार नाही. बायको म्हणाली, "मी काही बोलत नाही. तुम्हाला दिसतंय ते सगळं." अण्णांनी मात्र छोटीला पैकीच्या पैकी गुण दिले. मोठीत वारा फार लागतो म्हणाले.

इथे तराजूंनी जे केलं ते त्यांना पुढे कधी कुणाला सांगता आलं नाही. अण्णा खोटं बोलतायत हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. दाव्यांच्या खात्यात उभा जन्म गेलेला माणूस, खोटं त्यांना लांबून ओळखू येई. तरीही ते म्हणाले, बघा, ज्यांच्यासाठी गाडी घ्यायची त्यांनाच ही आवडली, आता प्रश्नच मिटला. उद्या बुकिंग करून टाकतो. बायकोने रात्रीची पोळी वाढली ती ताटात ठेवली नाही, टाकली.

दुसऱ्या दिवशी तराजू ऑफिसातून दुपारीच निघाले. चेकबुक घरी राहिलं होतं. आई-अण्णा झोपले असतील म्हणून त्यांनी आवाज न करता किल्लीने दार उघडलं. आतल्या खोलीतून बोलणं ऐकू आलं. दार अर्धवट लोटलेलं होतं.

खोलीच्या मधोमध मुलीचं लहानपणीचं एक बुटकं स्टूल ठेवलं होतं आणि त्यावर उशी. आई शेजारी झाडू आडवा धरून उभी होती, अण्णांच्या डोक्याच्या उंचीवर. ती गाडीच्या दाराची वरची कड होती. अण्णा पाठ करून उभे होते. त्यांनी डोकं वाकवलं, झाडूखालून नेलं आणि हळूहळू खाली जाऊन शेवटचं अंतर धपकन पडले. आईने विचारलं, फार दुखलं का. अण्णा म्हणाले, कालच्यापेक्षा कमी, आणि आज डोकं आपटलं नाही हे बघितलंस का. मग ते उठायला लागले. पलंगाच्या कडेला धरून उठले असते तर जमलं असतं. पण आईने पलंगाकडे बोट दाखवलं तेव्हा ते म्हणाले, गाडीत पलंग नसतो. त्यांनी नुसत्या मांडीवर हात ठेवून जोर केला. चेहरा लाल झाला. निम्मे उठले आणि परत बसले.

"पुरे आता," आई म्हणाली. "मी सांगते त्याला, हे जमणार नाही म्हणून."

"अजिबात सांगायचं नाही," अण्णा धापा टाकत म्हणाले. "अगं, तो लहान होता तेव्हा त्याने कधी काही मागितलं? जत्रेत नेलं तरी म्हणायचा, घरी आहे की खेळणं. आपल्याला परवडायचं नाही हे त्याला कळायचं. आता या वयात पहिल्यांदा काहीतरी हवंसं वाटलंय त्याला. तेसुद्धा सरळ मागता येत नाही म्हणून तुलना करत बसलाय. मला जरा सराव होऊ दे. ताईकडे जायला थोडे दिवस उशीर झाला तर ती काही पळून जात नाही."

तराजू दाराबाहेर उभे होते. लाज वाटणं म्हणजे काय, हे आपल्याला इतके दिवस कळलंच नव्हतं, असं त्यांना वाटलं. बाकावरची, सिग्नलवरची, आरशांची, ती सगळी नुसती फजिती होती. ही लाज होती. ती पायापासून वर आली आणि त्यांना खोलीत शिरताही येईना आणि मागे वळताही येईना. आपण सगळ्यांना फसवतोय अशी त्यांची समजूत होती, आणि फसत कुणीच नव्हतं. सगळे फक्त त्यांची बूज राखत होते.

ते पावलं न वाजवता बाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि बेल वाजवली. आत धावपळ ऐकू आली. आईने दार उघडलं तेव्हा तिच्या हातात झाडू होता आणि ती भरदुपारी स्वच्छ फरशी झाडत होती. अण्णा खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते आणि त्यांना अजून धाप लागलेली होती.

"झालं का बुकिंग?" त्यांनी पेपरच्या आडून विचारलं.

"नाही. मोठी घेतोय," तराजू म्हणाले. "आज जाऊन सांगतो. पुढच्या रविवारी आत्याकडे."

अण्णांनी पेपर खाली केला. "माझ्यासाठी बदलत असशील तर बदलू नकोस. मला छोटी चालते."

तराजूंनी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं. पुन्हा हिशेब केला, मोठीच पैसा वसूल निघाली, असं काहीतरी. पण शब्द बाहेर येईना. "अण्णा, ती तुलना खोटी होती," ते म्हणाले. "मला छोटी हवी होती. फार हवी होती."

"मग घे की."

"आता नको. तुम्हाला ओढून काढलं काल. चार माणसांसमोर." त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "आणि मी गुण मोजत उभा राहिलो."

आईने झाडू भिंतीला टेकवला. मग अण्णा जरा रागानेच म्हणाले की आता सांगतोस होय, इतकी मेहनत केली ती वाया गेली ना, मला तर जमायला लागलं होतं. आणि आई नको नको म्हणत असताना ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि पलंगाखाली घाईने ढकललेलं स्टूल काठीने पुढे ओढलं. बघच तू, असं म्हणत त्यांनी पाठ फिरवली, डोकं वाकवलं आणि धपकन बसले. बसणं चांगलं जमलं. मग मांडीवर हात ठेवून त्यांनी जोर केला, निम्मे उठले आणि परत खाली बसले. पुन्हा जोर केला. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही. ते नुसते मुलाकडे बघत राहिले, आणि त्या नजरेत आता कसलंही सोंग नव्हतं.

"हात दे," अण्णा म्हणाले.